येण्याची तारीख, देण्याची तारीख

२०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला आला. आदल्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी एकवीस दिवसांची देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली आणि ऐन मुहूर्ताच्या खरेदीच्या दिवशी महाराष्ट्रातल्या दुकानांची शटरं बंद राहिली. पुढे २६ एप्रिलला अक्षय्य तृतीया होती, मध्ये लग्नाचे मुहूर्त होते. कापडवाले, सराफ, भांडीवाले, केटरर, मंडपवाले, बँडवाले यांच्या वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा याच दोन-अडीच महिन्यांतला. सीझनचा माल फेब्रुवारीतच भरून झाला होता. तो देणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हातात पुढच्या तारखांचे चेक होते आणि ते एप्रिल-मेमध्ये बँकेत पडणार होते. माल कपाटात, गिऱ्हाईक घरात, चेकवरची तारीख मात्र पक्की.

धंदा तोट्यात गेला की बुडतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. कोरोनाच्या त्या दोन वर्षांत बंद पडलेल्या कितीतरी लहान धंद्यांचे ताळेबंद नफ्याचे होते. त्यांना नफ्याची नाही, रोकडीची टंचाई मारून गेली. नफ्याचा हिशेब वर्षाअखेरीला होतो. पगार सात तारखेला, भाडं दहाला, जीएसटी वीसला आणि बँकेचा हप्ता महिनाअखेरीला द्यावा लागतो. त्या त्या दिवशी खात्यात पैसे असले तर धंदा चालू, नसले तर त्याच मालकाचं पुढच्या तिमाहीतलं घसघशीत येणंही त्या दिवशी कामाचं नसतं.

लहान धंद्यांकडे अशी शिल्लक असते तरी किती? अमेरिकेत जेपी मॉर्गन चेस इन्स्टिट्यूटने २०१६ साली सुमारे ६ लाख लहान व्यवसायांची बँकखाती तपासली. येणारा पैसा पूर्ण थांबला तर खात्यातली रक्कम किती दिवस पुरेल, हा प्रश्न होता. मधल्या धंद्याचं उत्तर निघालं २७ दिवस. उपाहारगृहांचं १६ दिवस. महामारीच्या पहिल्याच आठवड्यांत, मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला, तिथल्याच ५,८०० लहान व्यवसायांची पाहणी झाली तेव्हा ४३ टक्के तात्पुरते बंद झालेले होते. बँका, विमा, सरकारी मदत या सगळ्याचं जाळं आपल्यापेक्षा घट्ट असलेल्या देशातली ही अवस्था. आपल्याकडे ज्या धंद्याचा गल्ला आणि घरखर्चाचा डबा एकच असतो, तिथे दिवस याहून कमीच धरायला हवेत.

पण सगळ्या धंद्यांना एकच औषध लागू पडत नाही, आणि सल्ले देणाऱ्यांची चूक बहुतेक वेळा इथेच होते. बंद सगळ्यांना सारखाच होता, तरी त्याचा रोकडीवर झालेला परिणाम काही धंद्यांत एकमेकांच्या थेट उलटा होता. उधारी कोण कोणाला देतं, यावर ते अवलंबून होतं.

पुण्याजवळच्या भोसरीतला एक जॉबवर्कचा कारखाना डोळ्यांसमोर आणू. आकडे मी समजण्यापुरते धरले आहेत, पण रचना तिथल्या शेकडो शेडमध्ये हीच आहे. दोन-तीन सीएनसी मशीन, दहा-बारा कामगार, वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या मोठ्या कंपनीचं काम. महिन्याचा माल १० लाखांचा, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे बिल ११ लाख ८० हजारांचं. स्टील ५ लाखांचं, जीएसटी धरून ५ लाख ९० हजार; ते तीस दिवसांच्या उधारीवर मिळतं. पगार, वीज, भाडं, हप्ता, किरकोळ मिळून ३ लाख ९० हजार. महिन्याला लाखभर रुपये सुटतात. मोठी कंपनी बिलाचे पैसे नव्वद दिवसांनी देते. म्हणजे कुठल्याही दिवशी या छोट्या कारखानदाराचे तीन महिन्यांच्या बिलांचे ३५ लाख रुपये कंपनीकडे पडून असतात, बिनव्याजी. त्यातच जीएसटीचा गुंता. बिल फाडलं की कर लागू झाला. स्टीलवर भरलेल्या कराची वजावट घेऊन उरलेले ९० हजार पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचे. कंपनीकडून ती रक्कम त्यानंतर सव्वा ते सव्वादोन महिन्यांनी येणार. सरकारला कर वेळेत मिळतो, कंपनीला माल वेळेत मिळतो आणि दोघांमधलं अंतर भरतो तो शेडवाला.

आता टाळेबंदी आली. एप्रिल आणि मे कारखाना पूर्ण बंद धरू. कागदावर पाहिलं तर या काळात त्याच्या हातात पैसा वाढायला हवा. जानेवारीचं बिल एप्रिलमध्ये येणार, फेब्रुवारीचं मेमध्ये, मार्चच्या तीन आठवड्यांचं साधारण ८ लाख ९० हजार जूनमध्ये. जाणारा पैसा बराच कमी: बंद काळात पगार, भाडं, हप्ता धरून महिन्याला ३ लाख २० हजार, शिवाय एप्रिलमध्ये मार्चच्या स्टीलचे आणि जीएसटीचे मिळून ५ लाख १० हजार. मेअखेर १२ लाख शिल्लक, जूनअखेर १७ लाख. खातं भरलेलं दिसतं. आणि नेमका इथेच घात होतो, कारण जूनमध्ये यंत्रं सुरू झाली की जुलै आणि ऑगस्टमध्ये येणं शून्य. एप्रिल-मेमध्ये बिलंच फाडलेली नाहीत, आणि जूनचं बिल सप्टेंबरमध्ये येणार. त्या दोन महिन्यांत पगार-वीज, नव्या स्टीलचे पैसे आणि जीएसटी मिळून महिन्याला १० लाख ७० हजार बाहेर जातात. १७ लाखांतून २१ लाख ४० हजार जायचे. सव्वाचार लाखांचा खड्डा पडतो, तोही कंपनीने प्रत्येक बिल दिवसावर चुकतं केलं असं धरून.

म्हणून अशा कारखान्यांची खरी परीक्षा बंदच्या काळात नव्हती. ती धंदा पुन्हा सुरू झाल्यावर होती. २०२० च्या उन्हाळ्यात ज्यांनी आलेल्या पैशातून जुनी देणी एकदम फेडून टाकली, मोकळं वाटावं म्हणून हातउसने परत केले, त्यांच्याकडे पावसाळ्यात स्टील घ्यायला पैसे उरले नाहीत. ऑर्डर हातात आहे, कामगार परतले आहेत आणि कच्चा माल नाही, ही अवस्था बंदपेक्षा जास्त जीवघेणी असते.

आणि कंपन्यांनी दिवसावर पैसे दिले असं कुठे झालं? नव्वदचे एकशेवीस, एकशेपन्नास दिवस झाले. अकाउंट्स विभागात माणूस नाही, बिल सिस्टिममध्ये चढलं नाही, वरून सही यायची आहे. वरच्या उदाहरणात फक्त दोन महिन्यांचा उशीर घाला: एप्रिलमध्ये येणं शून्य, देणं ८ लाख ३० हजार; मेमध्ये येणं शून्य, देणं ३ लाख २० हजार. कारखाना एक दिवसही तोट्यातलं काम न करता मेअखेर साडेअकरा लाखांनी उणे. माझ्या मते त्या काळातला सर्वांत मोठा अन्याय हाच होता. ज्यांच्या तिजोरीत महिनोन्‌महिने पुरेल इतका पैसा होता, त्यांनी आपली रोकड सांभाळण्यासाठी सगळ्यात दुबळ्या पुरवठादाराला विनातारण सावकार करून ठेवलं.

पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या किंवा नारायण पेठेतल्या मेसचं गणित याच्या बरोबर उलटं. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं महिन्याचे पैसे आधी भरतात. किराणावाला महिनाअखेरीला बिल घेतो. इथे उधारी मालकाला मिळते, द्यावी लागत नाही. चालू असताना हा धंदा फार सुखाचा, कारण गिऱ्हाइकाच्या पैशावर तो चालतो. शंभर मुलं, प्रत्येकी अडीच हजार, असे महिन्याचे अडीच लाख एक ते दहा तारखेच्या आत गल्ल्यात. त्यातून गॅस, भाजी, दूध, स्वयंपाकाच्या मावशींचा पगार जातो. किराण्याचं ९० हजारांचं बिल मात्र पुढच्या महिन्याच्या जमेतून भागतं. हे सवयीने इतकं मुरलेलं असतं की आपण दर महिन्याला पुढच्या महिन्याचे पैसे खर्च करतो आहोत, हे मालकाच्या ध्यानातही राहत नाही.

२२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि मुलं मिळेल त्या वाहनाने गावी गेली. ५ एप्रिलला होणारी राज्यसेवेची पूर्वपरीक्षा पुढे ढकलली गेली. ती ढकलत ढकलत अखेर २१ मार्च २०२१ ला झाली. एप्रिलची जमा आलीच नाही. किराण्याचे ९० हजार दारात उभे, आणि मार्चच्या उरलेल्या नऊ दिवसांचे पैसे मुलांनी परत मागितले तर तेही ७० हजारांच्या घरात. उभ्या उभ्या दीड लाखाच्या वर खड्डा, तोही पहिल्या आठवड्यात. पुन्हा सुरू करताना मात्र मेसला भोसरीच्या कारखान्यासारखी तीन महिने वाट पाहावी लागत नाही. पहिल्या दिवसापासून पैसा येतो. म्हणून मेसवाल्याने जपायची ती बंद पडण्याच्या पहिल्या महिन्याची शिल्लक, आणि कारखानदाराने जपायची ती सुरू होण्याच्या पहिल्या तीन महिन्यांची. आगाऊ पैसे घेणाऱ्या सगळ्यांनाच हे लागू आहे: क्लासवाले, जिमवाले, सहलवाले, मंगल कार्यालयं. आगाऊ घेतलेला पैसा सेवा दिल्याशिवाय आपला होत नाही. त्यातला किमान एका महिन्याच्या उधारीइतका भाग वेगळ्या खात्यात टाकला असता तर मार्च २०२० मध्ये कितीतरी मेस तगल्या असत्या.

तिसरी जात हंगामी धंद्याची. रायगड जिल्ह्यातलं पेण घ्या. गणेशोत्सव संपला की काही दिवसांत पुढच्या वर्षाचं काम सुरू होतं. माती, प्लास्टर, रंग, कारागिरांची मजुरी असा खर्च दहा-अकरा महिने आणि वसुली शेवटच्या काही आठवड्यांत. कर्जही त्याच हिशेबाने काढलेलं. २०२० मध्ये गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला होती. जुलैमध्ये राज्य सरकारने मर्यादा घातली: सार्वजनिक मंडळांची मूर्ती चार फुटांपर्यंत, घरगुती दोन फुटांपर्यंत. आरोग्याच्या दृष्टीने ते समजण्यासारखं होतं. पण तोपर्यंत मोठ्या मूर्ती साच्यातून निघून शेडमध्ये उभ्या राहिल्या होत्या. गाडीभर भाजी पडत्या भावात विकता येते. आठ फुटांची मूर्ती कापून चार फुटांची करता येत नाही. २०२१ सालीही तीच मर्यादा राहिली. दोन वर्षं तो पैसा प्लास्टरच्या रूपात शेडमध्ये अडकून पडला, शेडचं भाडं खात. इथे वसुलीची धावपळ करून उपयोग नव्हता, कारण येणंच जन्माला आलेलं नव्हतं. अशा धंद्याला एकच गोष्ट वाचवते: हंगामाआधी ऑर्डरबरोबर घेतलेली इसाऱ्याची रक्कम, आणि ती मिळाल्याशिवाय मोठा माल न करण्याची शिस्त. ती पाळणं अवघड असतं, कारण शेजारचा इसारा न घेता माल देतो.

बँकेकडे वळू. लहान उद्योगाची खेळत्या भांडवलाची गरज मुख्यतः सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट खात्यावर भागते. मंजूर मर्यादा २० लाख असली तरी प्रत्यक्षात किती उचलता येईल हे ड्रॉइंग पॉवरवर ठरतं, आणि ती दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून काढली जाते. साधा हिशेब असा: हातातला माल आणि नव्वद दिवसांच्या आतलं येणं, त्यातून साधारण पंचवीस टक्के मार्जिन वजा. नव्वद दिवसांहून जुनं येणं सहसा धरलं जात नाही. भोसरीच्या कारखान्याचं मार्चअखेर येणं ३२ लाख. मार्जिन जाता २४ लाख, म्हणजे २० लाखांची मर्यादा पूर्ण वापरता येते. कंपनीने पैसे रखडवले तर जूनअखेर ती सगळी बिलं नव्वद दिवसांपलीकडे गेली. हिशेबात उरलं फक्त जूनचं नवं बिल. ११ लाख ८० हजारांचे पंचाहत्तर टक्के, म्हणजे नऊ लाखांच्याही आत. येणं वाढलं, आणि त्याच कारणाने बँकेतून उचलता येणारी रक्कम निम्म्याखाली आली. मोठ्या कंपनीचा उशीर पुरवठादाराला असा दोनदा लागतो.

रिझर्व्ह बँकेने हे ओळखलं होतं. २७ मार्च २०२० रोजी तिने रेपो दर ५.१५ वरून ४.४० टक्के केला, मुदत कर्जाच्या हप्त्यांना तीन महिन्यांची सवलत द्यायला बँकांना परवानगी दिली, आणि त्याच दिवशी मार्जिन कमी करून किंवा येण्याचा कालावधी नव्याने धरून ड्रॉइंग पॉवर पुन्हा काढण्याचीही मुभा दिली. हप्त्यांच्या सवलतीची बातमी घरोघरी पोचली. ड्रॉइंग पॉवरची सवलत मागून घ्यावी लागत होती, आणि ती मागायला अर्ज, ताजं स्टॉक स्टेटमेंट आणि येण्याची पार्टीनिहाय यादी हवी होती. वही रोजच्या रोज लिहिणाऱ्याला ती एका दुपारी देता आली.

हप्त्यांची सवलत पुढे ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. अनेकांनी ती माफी समजून घेतली, आणि हा गैरसमज फार महागात पडला. बारा टक्के दराने १० लाखांचं, पाच वर्षांचं कर्ज धरा. हप्ता २२ हजार २४४ रुपये. सहा महिने हप्ता भरला नाही तर व्याज मुद्दलात चढत जाऊन बाकी १० लाख ६१ हजार ५२० होते. हप्ता तोच ठेवला तर साठऐवजी पासष्टाहून थोडे जास्त हप्ते भरावे लागतात. सहा महिन्यांचा दिलासा घेतला आणि शेवटी पाच हप्ते जादा भरले. यावर सर्वोच्च न्यायालयात वाद झाला. केंद्राने २ कोटींपर्यंतच्या कर्जांवर त्या सहा महिन्यांच्या चक्रवाढ आणि सरळ व्याजातला फरक परत केला. आपल्या उदाहरणात तो फरक आहे १,५२० रुपयांचा. उरलेले ६० हजार कर्जदाराचेच.

मग सवलत घ्यायची की नाही? बारा टक्क्यांनी महिनाभर पैसा मिळणं म्हणजे शेकडा एक रुपया. हाताशी रोकड नसेल आणि दुसरा मार्ग शेकडा तीन रुपये घेणाऱ्या सावकाराचा असेल, तर सवलत घ्यावीच. खात्यात तीन महिन्यांचा खर्च पडून असेल तर घेऊ नये. मधल्या स्थितीत माझा कल घेण्याकडे असतो, पण एका अटीवर: वाचलेला हप्ता वेगळा ठेवून तो फक्त पुन्हा सुरू करण्याच्या मालासाठी वापरायचा. वीजबिलातही असंच होतं. राज्य वीज नियामक आयोगाने औद्योगिक आणि व्यावसायिक ग्राहकांचा स्थिर आकार तीन बिलांपुरता पुढे ढकलला, माफ केला नाही. जे पुढे ढकललं ते वहीत पुढच्या तारखेला ठळक अक्षरांत लिहिलं पाहिजे, नाहीतर सहा महिन्यांनी ते अचानक आल्यासारखं वाटतं.

१३ मे २०२० ला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ३ लाख कोटी रुपयांची हमी कर्ज योजना जाहीर केली. २९ फेब्रुवारीला जेवढं कर्ज बाकी असेल त्याच्या वीस टक्के जादा कर्ज, चार वर्षं मुदत, पहिलं वर्ष मुद्दलाची फेड नाही, बँकांना व्याजाची कमाल मर्यादा ९.२५ टक्के, नवं तारण नाही. भोसरीच्या कारखान्याचं २५ लाखांचं कर्ज बाकी असेल तर त्याला ५ लाख मिळतात. वर काढलेला सव्वाचार लाखांचा खड्डा बुजतो. योजना चांगली होती आणि ज्यांना मिळाली त्यांतले पुष्कळ तिच्यामुळे उभे राहिले. पण तिच्या रचनेत एक मोठी उणीव होती. ज्याने आयुष्यभर कर्ज काढलं नाही, स्वतःच्या बचतीवर धंदा केला, त्याच्या बाकीचे वीस टक्के म्हणजे शून्य. आपल्याकडचे असंख्य लहान दुकानदार, मेसवाल्या बायका, शिंपी, गॅरेजवाले याच गटातले. पथविक्रेत्यांसाठी १ जूनपासून १० हजारांचं स्वनिधी कर्ज आलं. मधले राहिले. त्यांनी भिशी उचलली, पतसंस्थेत गेले, घरातलं सोनं ठेवलं. ऑगस्ट २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने सोन्याच्या किमतीच्या ७५ ऐवजी ९० टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायला बँकांना परवानगी दिली, ती ३१ मार्च २०२१ पर्यंत होती. बाईच्या अंगावरच्या पाटल्यांनी त्या वर्षी किती दुकानं उघडी ठेवली याची नोंद कुठल्याच पॅकेजमध्ये सापडायची नाही.

आता मालकाच्या स्वतःच्या हातात काय असतं, ते पाहू. त्याला तेरा आठवड्यांचा तक्ता लागतो, संगणक असला तर ठीक, नाहीतर आडव्या वहीची दोन पानं. वर्षाचं अंदाजपत्रक या कामाला फार लांबचं पडतं आणि महिन्याचं फार ढोबळ. महिन्याच्या शेवटी जमा-खर्च जुळलेला असूनही १२ तारखेला खातं कोरडं असू शकतं. तेरा आठवडे म्हणजे एक तिमाही. वर आठवड्याच्या सोमवारची तारीख. पहिल्या ओळीत त्या दिवशीची बँक आणि गल्ला मिळून शिल्लक. खाली येणं, पार्टीच्या नावाने. इथे एक पथ्य पाळायचं. बिलावरची देय तारीख लिहायची नाही. ती पार्टी गेल्या चार वेळा प्रत्यक्ष किती दिवसांनी पैसे देऊन गेली ते पाहून तारीख लिहायची. जी पार्टी साठ दिवस म्हणते आणि पंच्याऐंशीला देते, ती पंच्याऐंशीचीच. ज्याने सलग दोनदा तारीख मोडली त्याचं येणं तक्त्यात शून्य धरायचं, आलं तर आनंद. न झालेल्या विक्रीचा पैसा लिहायचाच नाही.

त्याखाली देणं. पगार, भाडं, हप्ता, जीएसटी, भविष्यनिर्वाह निधी, माल. आणि मालकाच्या घरखर्चाची एक ठरलेली रक्कम, जी बहुतेक जण लिहीत नाहीत, आणि म्हणून तक्ता खोटा पडतो. प्रत्येक आठवड्याची अखेरची शिल्लक पुढच्या आठवड्याची सुरुवात. ज्या आठवड्यात शिल्लक उणे दिसते तिथे लाल खूण. ती खूण नऊ आठवडे आधी दिसली तर पुष्कळ काही करता येतं: स्टील निम्मं घ्यायचं, घरमालकाशी बोलायचं, बँकेत अर्ज टाकायचा, जुनं यंत्र विकायचं. ती आदल्या गुरुवारी दिसली तर फक्त सावकार उरतो. दर शनिवारी प्रत्यक्ष काय आलं-गेलं ते वेगळ्या शाईने लिहायचं आणि शेवटी एक नवा आठवडा जोडायचा.

पैसे कमी आणि घेणेकरी जास्त असतील तेव्हा आधी कोणाला द्यायचं, हा हिशेबाइतकाच नीतीचा प्रश्न आहे. जो मोठ्याने ओरडतो त्याला आधी, ही सर्वसाधारण रीत. ती चुकीची आहे. पगार आधी. २९ मार्च २०२० च्या केंद्राच्या आदेशाने टाळेबंदीत पूर्ण वेतन द्यायला सांगितलं होतं. तो मेच्या मध्याला मागे घेतला गेला आणि जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी आपसांत बोलून ठरवावं असं सांगितलं. पण आदेशाच्या पलीकडचं कारण जास्त खरं आहे. १ मेपासून श्रमिक रेल्वे सुटल्या, आणि ज्या मालकाने एप्रिलमध्ये अर्धा का होईना पगार आणि शिधा दिला, त्याचे ऑपरेटर सप्टेंबरमध्ये परत आले. नवा माणूस मशीनवर बसवून त्याचा हात बसेपर्यंतचं नुकसान दोन पगारांहून मोठं असतं. त्यानंतर आपल्याहून लहान पुरवठादार, कारण त्याच्या वहीत आपण तीच मोठी कंपनी असतो. मग कामगारांच्या वेतनातून कापलेला निधी आणि गोळा केलेला कर. तो पैसा आपला नसतोच. घरमालक, बँक, मोठा व्यापारी यांच्याशी बोलता येतं. मात्र फोन आपण करायचा, तारीख उलटायच्या आधी, आणि थोडी रक्कम हातात घेऊन. ८० हजारांपैकी २० हजार आज आणि बाकीचे तीन सोमवारी, असं सांगून ते तीन सोमवार पाळणाऱ्याची पत बाजारात पूर्वीपेक्षा वाढलेली मी पाहिली आहे.

२०२१ चा पाडवा १३ एप्रिलला आला, आणि त्याच रात्री राज्यात दुसऱ्या दिवसापासूनच्या कडक निर्बंधांची घोषणा झाली. दुसऱ्या लाटेत घाबरण्याची जागा सरावाने घेतली होती. कापड दुकानदारांनी त्या वर्षी सीझनचा माल टप्प्याटप्प्याने उचलला, केटररनी रद्द होण्याच्या अटी बुकिंगच्या पावतीवर छापल्या, मेसवाल्यांनी महिन्याऐवजी पंधरवड्याचे पैसे आणि डबे सुरू केले. जे शहाणपण आलं ते पहिल्या वर्षी बुडालेल्यांच्या किमतीवर आलं.

मोठ्या कंपनीकडच्या येण्याचा कायदा मात्र महामारीच्या कितीतरी आधीपासून पुस्तकात होता. २००६ च्या सूक्ष्म, लघू आणि मध्यम उपक्रम कायद्याने सूक्ष्म आणि लघू पुरवठादाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळालेच पाहिजेत. करारात नव्वद लिहून घेतले तरी कायदा पंचेचाळीसच मानतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज. २०२० च्या जूनमध्ये बँक दर ४.२५ टक्के होता, म्हणजे १२.७५ टक्के व्याज. तक्रार ऐकायला राज्यातल्या सुकरता परिषदा आहेत, २०१७ पासून समाधान पोर्टल आहे. तरीही लहान पुरवठादार तक्रार करत नाही, कारण तक्रार केली की पुढची ऑर्डर जाते. ट्रेड्स नावाच्या ऑनलाइन मंचावर बिल विकून लवकर पैसे घेता येतात, पण तिथेही कंपनीने बिल मान्य केल्याशिवाय व्यवहार पुढे सरकत नाही.

खरा फरक पडला तो आयकर कायद्यातल्या दुरुस्तीने. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या कलम ४३ब (ह) प्रमाणे, सूक्ष्म आणि लघू पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत उत्पन्नातून वजा करता येत नाही. आता उशीर केला तर कंपनीचा स्वतःचा कर वाढतो, आणि त्यासाठी लहानाला भांडायला जावं लागत नाही. मात्र पुरवठादाराची उद्यम नोंदणी हवी, तिचा क्रमांक बिलावर ठळक हवा, आणि माल मिळाल्याची तारीख असलेली चलनाची सहीची प्रत फाइलमध्ये हवी. हा हक्क उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांचा आहे. व्यापाऱ्यांना २ जुलै २०२१ च्या आदेशाने नोंदणी मिळाली ती प्राधान्यक्षेत्रातल्या कर्जापुरती. काही ठिकाणी खरेदीदार पुरवठादाराला नोंदणीच रद्द करायला सांगतात, कधी ऑर्डरचं आमिष दाखवून, कधी दम देऊन. तसं करू नये. नोंदणी गेली की पंचेचाळीस दिवसांचा हक्क जातो, व्याजाचा जातो, परिषदेकडे जायची वाटही बंद होते, आणि येणं पुन्हा कंपनीच्या मर्जीवर येऊन बसतं.